ब मधली कपबशी

आमचा आणि पलीकडच्या काकूंचा बंगला यांच्यामधली भिंत कमरेएवढीच आहे. बांधताना दोन्ही घरच्या बायकांनी गवंड्याला तसं बजावलं होतं म्हणे. वर शहाबादी फरशी बसवलीय. तिच्यावर दोन चहाचे कप, एक परात आणि दोघींची कोपरं आरामात मावतात. एरंडवण्यात असे बंगले आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेत आणि अशा भिंती त्याहून कमी. नव्या इमारतींना पोडियम असतं. पोडियमवर म्हाताऱ्या चालतात, पण गप्पा मारत नाहीत, पावलं मोजतात.

तर १३ जानेवारीचा मंगळवार. भोगी. बुधवारी संक्रांत आणि गुरुवारी १५ तारखेला महापालिकेचं मतदान. कुणाच्या डोक्यातून ही तारीख निघाली कोण जाणे, पण ऐन सणात बायकांना असं कात्रीत पकडायला नको होतं. काकू सोलाणे सोलत होत्या, मी पावट्याच्या शेंगा. संध्याकाळी प्रचार बंद होणार म्हणून सकाळपासून सगळ्यांच्या रिक्षा एकदमच सुटल्या होत्या. एका भोंग्याचं गाणं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू, आणि दोन्ही एकाच हिंदी चालीवर.

"अगं, ती कंपोस्टताई उभी आहे म्हणे," काकू म्हणाल्या.

ही बातमी काकूंना महिनाभर आधीच लागली होती. पण गप्पांना विरजण लागतं, आणि ते शिळ्यातूनच घ्यावं लागतं.

"म्हणे काय काकू? ब मध्ये आहे. अपक्ष. कपबशी."

"कपबशी! आणि आजवर तिच्याकडे कधी धड चहा मिळाला नाही. गवती चहाचा काढा पाजते मेली. बशीसुद्धा नसते खाली."

कंपोस्टताई हे नाव तिला आमच्या गल्लीनंच ठेवलं. बरीच वर्षं झाली त्याला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं वाण म्हणून काय लुटावं? कुणी चाळणी देतं, कुणी स्टीलची वाटी, फार तर तुळशीचं रोप. हिनं कागदी पिशवीत पाव किलो काळपट भुसा दिला. काकूंनी तो अगरबत्तीचा मसाला समजून देवघरात ठेवला. दुसऱ्या दिवशी काकांनी वास घेतला आणि विचारलं, देवाला हे काय वाहिलंय? तर ते कंपोस्टचं कल्चर. ओल्या कचऱ्यावर मूठभर टाकायचं, म्हणजे घरच्या घरी खत होतं.

"झालं का हो तुमचं खत?"

"झालं तर! आधी अळ्या झाल्या, मग खत झालं. अळ्या बघून मी तिला हाक मारली, तर ही बया त्यांच्याकडे बघून हसतेय. म्हणे काकू, छान चाललंय त्यांचं!" काकूंनी दोन सोलाणे तोंडात टाकले. "पण तो समोरचा कढीपत्ता बघ. त्याच खताचा आहे."

कढीपत्ता माणसाच्या उंचीच्या वर गेलाय. त्यावर दोघींपैकी कुणी काही बोललं नाही.

मग सोमवार निघाले. आमच्या गल्लीत आजवर झालेला सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे तिचे सोमवार. भिशी आधी सोमवारी दुपारी असायची. ही कधीच यायची नाही. अडीच-तीनच्या सुमाराला पिशवी खांद्याला लावून डेक्कनकडे निघायची आणि सहाच्या पुढे परत. कुणीतरी म्हणालं सोळा सोमवार करत असेल. ओंकारेश्वराला जात असेल. काकूंना तर खात्रीच होती.

"तीन श्रावण मी तिला राजगिऱ्याचे लाडू देत होते गं! उपासाला असू देत म्हणून. घ्यायची, खायची, थँक्यू म्हणायची. एका शब्दानं बोलली नाही."

"उपासाचं तिनं कुठं म्हटलं होतं?"

"नाही म्हणालीसुद्धा नव्हती!"

ती जायची महापालिका भवनात. ओंकारेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बस बघून कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. माहिती अधिकारात तिथे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कुणीही नागरिक जाऊन फायली चाळू शकेल अशी सोय झालेली. अर्ज करून महिनाभर वाट बघायला नको. ही जाऊन बसायची आणि रस्त्याचं टेंडर वाच, ओढ्याचा नकाशा बघ, झाडांच्या परवानग्या उतरवून घे. वहीत. शाळेच्या दोनशेपानी वहीत, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर वर्ष. मी त्या वह्या पाहिल्यात. एका कपाटाचे दोन खण भरलेत. देवळात जाऊन एवढे सोमवार केले असते तर शंकर कधीच पावला असता, असं काकू म्हणतात; मला वाटतं शंकरापेक्षा फाईल जास्त हट्टी.

मुळात तिला हे वेड लागलं टेकडीपायी. लग्न होऊन चिपळूणहून पुण्यात आली तेव्हा तिला इथली नदी बघून रडू आलं होतं, हे तिच्या सासूनं मला सांगितलंय. वाशिष्ठीकाठच्या मुलीला मुठेचं पाणी दाखवलं की दुसरं काय होणार! मग कुणी तिला वेताळ टेकडीवर नेलं. खाणीतलं पाणी, मोरांचे आवाज, वेताळबाबाचं देऊळ, पावसाळ्यात कातळावर उगवणारी ती चिमूटभर फुलं. तिथे बाई रमली. त्यानंतर रोज पहाटे टेकडी. पुण्यात हजारो लोक पहाटे टेकडी चढतात आणि उतरून इडली खातात. ही उतरून पत्रं लिहायला लागली.

"आधी ते बीडीपी की काय ते होतं ना?" काकूंनी विचारलं. "सह्या घ्यायला यायची."

तेच. जैवविविधता उद्यान. १९९७ साली तेवीस गावं पुण्यात आली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या टेकड्याही आल्या. त्या टेकड्यांवर बांधकाम होऊ नये म्हणून आरक्षण टाका, अशी मागणी. ९७८ हेक्टर. मंजुरी मिळाली २०१५ मध्ये. म्हणजे त्यावेळी बालवाडीत असलेलं पोर कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत. आणि मंजूर झालं म्हणजे संपलं असंही नाही. जमीन ज्यांची त्यांना मोबदला काय, किती, कसा, यावरून अजून भांडताहेत. सह्या मागणाऱ्या पुष्कळ बायांमधली ही एक. एकटीनं काही केलं असं ती स्वतःही म्हणत नाही, आणि तिच्या पत्रकात तसं छापलेलं नाही, ही गोष्ट मला बरी वाटली. बाकीच्यांची पत्रकं वाचली तर खडकवासला धरणही त्यांनीच बांधलंय असं वाटतं.

पण गल्लीला ती खरी कळली २०१३ साली. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा लागला होता. हरकती-सूचना मागवल्या होत्या. पेपरात तो नकाशा यायचा, सगळा रंगीत. आपलं घर कुठल्या रंगात हे सांगणाऱ्याला दक्षिणा द्यावी अशी अवस्था. हिनं चौकातल्या इस्त्रीवाल्याचं टेबल संध्याकाळचं मागून घेतलं आणि त्यावर नकाशा पसरला. चार बाजूंना चार इस्त्र्या ठेवल्या, उडू नये म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून विचारायची, काका, तुमचं घर दाखवू?

"ह्यांना धरलं होतं," काकू म्हणाल्या. हात थांबला होता. "दूध आणायला गेले ते तासाभरानं आले. मी म्हटलं डेअरी काय कात्रजला गेली का? तर म्हणाले, पेन दे. हरकत घ्यायचीय. आयुष्यात त्या माणसानं कशाला हरकत घेतली नाही गं. माझ्या माहेरच्यांनासुद्धा नाही."

काकांनी हरकत घेतली. सुवाच्य अक्षरात, खाली पूर्ण नाव, वय आणि 'सेवानिवृत्त'. त्या वर्षी ऐंशी हजारांहून जास्त हरकती गेल्या पुण्यातून. त्यातली एक काकांची. पोचपावती काकूंनी अजून जपून ठेवलीय, लाइटबिलांच्या फायलीत. आराखडा पुढे सरकारनं आपल्या हातात घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. काकांच्या हरकतीचं काय झालं ते काकांना कळलं नाही. ते २०१६ मध्ये गेले.

थोडा वेळ नुसत्याच शेंगा फुटल्याचा आवाज.

"टेकडीवरचा तो रस्ता मात्र मला हवाय हं," काकूच पुन्हा म्हणाल्या. "उगाच कशाला खोटं बोलू! लॉ कॉलेज रस्त्यावर रिक्षात बसलं की माझी कंबर निघते."

तो रस्ता म्हणजे बालभारती ते पौड फाटा. दोनेक किलोमीटरचा. १९८७ च्या आराखड्यापासून नकाशावर आहे आणि तेव्हापासून टेकडीवर नाही. टेकडीखालून बोगदे काढायचंही चाललंय. आमच्या घरी यावरून दोन तट आहेत. ह्यांना रस्ता पाहिजे, मुलीला नको, मला दोघं जेवायला एका वेळी टेबलाशी पाहिजेत. कंपोस्टताईनं एकदा ह्यांना समजवायचा प्रयत्न केला. ती काही झाडं, पक्षी असं भावनेचं बोलली नाही. म्हणाली, तुमच्या बोअरला एप्रिलमध्ये पाणी असतं ना? ते टेकडीवर पडलेलं पाणी आहे. काळा पाषाण दिसतो घट्ट, पण त्याच्या भेगांमधून झिरपत झिरपत तुमच्या अंगणात येतं. वर डांबर आणि गटार केलं की ते पाणी रस्त्यावरून तुमच्या पार्किंगमध्ये येईल, बोअरमध्ये नाही. ह्यांनी त्यावर 'हं' केलं. ह्यांचा 'हं' म्हणजे पटलंय पण मान्य नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवायला माणसं लोटली, तेव्हा मीही गेले होते. गुडघ्याला पट्टा बांधून. त्याच महिन्याच्या २९ तारखेला नदीकाठच्या झाडांसाठी 'चलो चिपको'. संभाजी उद्यानापाशी जमायचं होतं. तिथे मी नाही गेले. गुडघ्याला महिन्यातून एकच आंदोलन झेपतं.

"नदीचं मला ते नीट कळलंच नाही," काकू म्हणाल्या. "माझा भाचा म्हणतो, काठानं फिरायला मस्त होतंय, तुम्ही लोक उगाच खोडा घालता. बंडगार्डनकडे नेलंन मला दाखवायला. छान आहे गं तसं."

"छान आहेच. प्रश्न छान असण्याचा नाही काकू."

आणि मग मी, जिला कालपरवापर्यंत नदीची डावी बाजू कुठली हेही माहीत नव्हतं, काकूंना पूररेषा समजावून सांगायला लागले. हे असं होतं त्या बाईच्या संगतीत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येतो तेवढा पूर. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत बांधायचं नाही. आता चव्वेचाळीस किलोमीटर नदीचे काठ बांधून काढायचे, त्याला ४,७०० कोटींच्या वर खर्च. हिचं म्हणणं असं, की काठ नीट दिसतील पण नदीला पसरायला जागा कुठाय? आणि आधी पाणी साफ करा, मग बाक मांडा. पलीकडचे म्हणतात, पुराचा हिशोब केलाय, पाणी साफ करायचंही काम चालूच आहे. मी परातीत शेंगांची टरफलं मांडून काकूंना नदी काढून दाखवली. दोन बाजूंना टरफलं, मधे पावटे.

"आणि सिंहगड रस्त्याला सोसायट्या बुडल्या त्या?"

"ते २०२४ च्या जुलैमध्ये. एकतानगरी. रात्रीतून पाणी आलं."

"आणि आमची नणंद सहकारनगरची, तिची गाडी?"

"तो आंबिल ओढा. २०१९, सप्टेंबर."

काकूंनी बोटांवर मोजलं. "आणि पानशेत एकसष्ट साली. मी बारा वर्षांची होते. लकडी पुलावरून पाणी गेलेलं बघणारी माणसं आता किती राहिलीत! आम्हाला रेषाबिषा कुणी सांगितली नव्हती. जिथपर्यंत चिखल, तिथपर्यंत नदी."

एक गोष्ट मात्र कंपोस्टताई प्रचारात सांगत नाही, ती मला ठाऊक आहे. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा तिचं माहेरचं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होतं. ती पंधरा दिवस तिथे चिखल काढत होती. आणि त्याच चिपळुणात पुढे लोक याच निळ्या-लाल रेषांच्या विरोधात उपोषणाला बसले. नदीतला गाळ काढा, रेषा कसल्या आखता, म्हणून. कारण अर्धं गाव रेषेच्या आत आलं, घर दुरुस्त करायचं तर परवानगी मिळेना. तिचा सख्खा भाऊ त्या मंडपात. इकडे ही रेषा पाळा म्हणून पत्रं लिहितेय आणि तिकडे भाऊ रेषा पुसा म्हणून बसलाय. दोघांचं सहा महिने बोलणं नव्हतं. भाऊबीजेला गेली तेव्हा भावानं ओवाळणीत पाकीट घातलं आणि वर निळ्या पेनानं एक रेघ मारली होती. हे तिनंच मला सांगितलं आणि हसता हसता डोळे पुसले. तेव्हापासून रेषेबद्दल बोलताना ती आधी विचारते, आत कोण राहतं?

"आणि तो आंबा?" काकूंनी आवाज खाली आणला.

आता गप्पा खऱ्या जागी आल्या. भिंतीवरच्या गप्पांना असा एक आंबा लागतोच.

कंपोस्टताई राहते त्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालं. तीन मोठी झाडं: एक पर्जन्यवृक्ष, एक बकुळ, एक आंबा. बिल्डरच्या पहिल्या प्लॅनमध्ये तिन्ही जात होती. झाडांवर नोटिशी लागल्या. गल्ली श्वास रोखून बघत होती, कारण आजवर दुसऱ्यांच्या झाडांवर लागलेल्या नोटिशींचे हिनं फोटो काढलेले. हिनं हरकत घेतली. स्वतःच्याच सोसायटीविरुद्ध. मीटिंगमध्ये काय काय ऐकून घेतलं असेल! काकूंची चुलतबहीण त्याच सोसायटीत, तिचं भाड्याच्या घरात जायचं लांबलं आणि मुलाचं लग्न जुन्या घरातच उरकावं लागलं, म्हणून तिनं कंपोस्टताईशी बोलणं टाकलं. शेवटी प्लॅन फिरवला. पर्जन्यवृक्ष राहिला, बकुळ राहिली. आंबा गेला. पार्किंगचा उतार तिथूनच यायचा होता. आणि त्या आंब्याच्या संमतीवर हिची सही आहे.

"बघ ना! टेकडीवरच्या काटेरी बाभळीसाठी मोर्चे आणि दारातला आंबा पाडला. पायरी होता तो. मी खाल्लाय."

मीही खाल्लाय. मी तिला सरळ विचारलं होतं, आंब्याचं काय? मला वाटलं सांगेल काहीतरी, रोग होता, कलला होता. म्हणाली, "सही मी केली. दोन वाचत होती म्हणून तिसऱ्यावर केली. बरोबर केलं की चूक, रोज वेगळं वाटतं." नव्या कायद्यात झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावावी लागतात. आंब्याच्या नावची रोपं शहराबाहेर कुठं लागली ते तिनं शोधून काढलं, आणि ती बघायला जाते. उन्हाळ्यात कॅन घेऊन. काकूंना हे मी सांगितलं तर म्हणाल्या, "रोपांना पायरी लागणार आहे का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडेही नसावं.

तेवढ्यात कचऱ्याच्या मावशी आल्या. ढकलगाडीवर दोन डबे, त्यावर एका उमेदवाराचं स्टिकर कुणीतरी चिकटवलेलं. ते मावशी नखानं खरवडत होत्या. 'स्वच्छ' संस्थेच्या या बायका. यांची संघटना जुनी, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ ची. महापालिकेशी करार होऊन घरोघरचा कचरा त्यांच्याकडे आला २००८ मध्ये. काकूंच्या घरी नातवाचे डायपर तसेच डब्यात जायचे. एक दिवस कंपोस्टताईनं बेल वाजवून काकूंना जुना पेपर आणि लाल स्केचपेन दिलं. गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे मावशींना हात घालायच्या आधी कळतं. काकूंना राग आला होता. अजून आहे. पण ठिपका काढतात, आणि चांगला कुंकवासारखा गोल काढतात.

"काय हो मावशी, कुणाचं वारं आहे?" काकूंनी विचारलं.

"आमचं नाव तिकडं बिबवेवाडीत हाय," मावशी म्हणाल्या. "तुमच्या हितलं तुमी बघा." गाडी पुढे ढकलताना थांबून म्हणाल्या, "त्या बाईंनी महिन्याचे पैसे गोळा करून दिले होते करोनात. हितल्या निम्म्या लोकांनी बुडिवले असते." आणि आमच्या दोघींकडे अशा नजरेनं बघून गेल्या, की आम्ही त्या निम्म्यात होतो का हे दोघीही आठवू लागलो.

२०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते. प्रशासक होते. खांबावरचा दिवा गेला, पाणी आलं नाही, फांदी पडली, तर फोन कुणाला करायचा? माजी म्हणायचे, आम्ही आता माजी. या चार वर्षांत लोकांनी हिलाच फोन केले. पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवणारा कोण, त्याची ड्यूटी कधी, हे हिच्या वहीत. नगरसेवक नसताना नगरसेवकाचं काम करत होती, आणि त्यावर कुठे पाटी नाही. नाहीतर आमच्या पुण्यात बाकड्यावर, कचऱ्याच्या डब्यावर, कापडी पिशवीवर, अगदी गतिरोधकाशेजारीसुद्धा 'संकल्पना: अमुक तमुक' असं लिहिलेलं असतं. बाक ही संकल्पना माणसाला सुचायला नगरसेवक व्हावं लागतं, असं पुढच्या पिढीला वाटेल.

"अगं पण निवडून यायची का?" काकूंचा खरा प्रश्न हाच होता. "नुसतं चांगलं असून काय होतं! उपनगरात कुणी म्हणे गुंठा गुंठा जमिनीची सोडत काढली. थायलंडच्या सहली. पेपरात होतं."

"आपल्याकडे काय आलं?"

"आपल्याकडे नुसतं हळदीकुंकू आणि एक डबा. झाकण बसत नाही त्याचं." काकूंनी घेतला होता तर! "मी घेतला नाही, सुनेच्या हातात दिला," असं लगेच म्हणाल्या.

अडचण डब्याची नाही, चार बटणांची आहे. एकेका प्रभागात चार जागा: अ, ब, क, ड; एकाच प्रभागात तेवढ्या पाच. एकशे पासष्ट नगरसेवक आणि प्रभाग एक्केचाळीस. निम्म्या जागा बायकांच्या. प्रत्येकानं चार मतं द्यायची. पक्षवाले चौघांचं पॅनेल करतात, चौघांना एकच चिन्ह. माणूस जातो आणि टप टप टप टप एकच चिन्ह दाबून बाहेर येतो. आता यात ही एकटी, ब मध्ये, कपबशी घेऊन. तिला मत द्यायचं तर अ मध्ये दुसरं, ब मध्ये कपबशी, क आणि ड मध्ये पुन्हा काहीतरी तिसरं. म्हणजे मतदाराला मध्येच थांबून विचार करायला लावायचं. आणि प्रभाग केवढा! पूर्वी वॉर्ड गल्लीएवढा असायचा. आता ती रोज सकाळ-संध्याकाळ चालली तरी सगळी दारं होत नाहीत. चप्पलचा अंगठा तुटलाय, तो पिनेनं लावलाय. मी पाहिलं.

"पक्षानं विचारलं होतं म्हणे तिला," काकू म्हणाल्या.

"एकानं नाही, दोघांनी. एकानं सांगितलं, या, पण टेकडीवर बोलू नका. दुसऱ्यानं सांगितलं, टेकडीवर बोला, नदीवर नको."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तिच्या सासूनं."

"मग खरंच असणार," काकू म्हणाल्या. सासू सुनेची स्तुती करत नाही. गाऱ्हाणं म्हणून सांगितलं असणार, आणि गाऱ्हाण्यात माणूस खोटं कमी बोलतं.

मला विचाराल तर तिच्यात एक मोठा दोष आहे. तिला 'बघते' म्हणता येत नाही. नगरसेवकाला 'बघतो' हा शब्द श्वासासारखा लागतो. परवा प्रचाराला आली तेव्हा शेवटच्या बंगल्यातल्या आजोबांनी तिला सांगितलं, समोरचा गुलमोहर काढायला मदत कर, सगळी मतं तुझी, घरात सहा आहेत. कुणीही बघतो म्हणून नमस्कार करून निघालं असतं. ही तिथेच गुलमोहराच्या बुंध्याशी उकिडवी बसली, साल टोकरून बघितली आणि म्हणाली, "काका, झाड निरोगी आहे. फांदी छाटायचा अर्ज मी उद्या भरून देते. झाड नाही निघणार." सहा मतं गेली. फाटकातून बाहेर येताना माझ्याकडे बघून तिनं कपाळावर हात मारला. आपण काय केलं हे तिला कळत होतं. पण अर्ज मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांच्या पेपरबरोबर फाटकात अडकवलेला होता.

"सहा कुठली?" काकू म्हणाल्या. "म्हातारी तिलाच देणार. गुलमोहर तिनं लावलाय."

सोलाणे संपले. काकूंनी परातीतली माझी नदी उचलली. पावटे एका वाटीत, टरफलं खालच्या कागदात. कागद गुंडाळताना थांबल्या. तो तिचाच होता. वहीच्या पानाएवढा, एका रंगात छापलेला, कपबशी जरा वाकडीच. काकूंनी तो झटकला, घडी घातली आणि टरफलं हातानं उचलून कढीपत्त्याखालच्या बादलीत टाकली.

"कुणाला देणार काकू?"

"ते मी ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही, तुला सांगू?" वाटीत मूठभर सोलाणे घालून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. "भोगीच्या भाजीत घाल, आणि तिळाचं कूट जरा सढळ हातानं. गेल्या वर्षी कमी पडलं होतं. आणि गुरुवारी साडेसातलाच निघू, नंतर रांग लागते. तू मला हाक मार."

"मारते."

"आणि हे बघ," भिंतीवरून कोपर काढता काढता त्या म्हणाल्या, "अ पांढरी, ब गुलाबी, क पिवळी, ड निळी, बरोबर ना? सगळे रंग फिके असतात म्हणे. माझा जवळचा चश्मा मी घेतेय. तूही घे. त्या शाळेच्या खोलीत उजेड नसतो, गुलाबी आणि पिवळा सारखाच दिसतो."